आकड्याची वंशावळ

अंबरनाथच्या पश्चिमेस बुवापाडा आणि पूर्वेस, रेल्वेचे रूळ ओलांडून गेल्यावर, वालधुनीच्या काठी शिलाहारांचे शिवालय, अशी या गावाची मांडणी आहे. आणि हवामानबदलासारख्या अर्वाचीन विषयाच्या प्रस्तावनेस त्या नऊशे वर्षांहून जुन्या देवळापासून प्रारंभ करण्याचे कारण असे की, साक्षीपुराव्याची पारख कशी करावी याचा एक उत्तम वस्तुपाठ तेथील शिलालेखाच्या वाचनात सापडतो. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख वाचला, तेव्हा त्यातील शक त्यांना ७८२ असा दिसला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा वाचून तो आकडा ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा निश्चित केला. एका झिजलेल्या अंकापायी देवळाचे वय दोनशे वर्षांनी उतरले. भाऊ दाजी हे मुंबईतील नामांकित वैद्य, संशोधक आणि शहराचे शेरीफ. भगवानलाल हे त्यांच्याच पदरी राहून लेखांचे ठसे घेत हिंडलेले साहाय्यक. अधिकाराच्या तराजूत पाहिले तर पारडे उघड भाऊ दाजींकडे झुकणारे होते. तरीही विद्वानांनी साहाय्यकाचे वाचन स्वीकारले, कारण शिळा जागच्या जागी होती, ठसा पुन्हा घेता येत होता, आणि शिलाहार राजांच्या इतर लेखांशी तो शक ताडून पाहण्याची सोय होती.

हवामानबदलाच्या वादात सामान्य वाचकाची जी कुचंबणा होते ती नेमकी याच ठिकाणी. या वादातील बहुतेक विधाने आपल्यापर्यंत पोचतात ती नकलेची नक्कल होऊन. मूळ नोंद कोठे आहे, ती कोणी केली, कोणत्या उपकरणाने केली, याची वार्ता वाटेत गळून पडते आणि हाती उरतो तो एक सुटा आकडा व त्याच्या पाठीशी उभे केलेले एखादे भारदस्त नाव. मग वाचक नावाकडे पाहून कौल देऊन मोकळा होतो. संयुक्त राष्ट्रांचे नाव निघाले की एक पक्ष माना डोलावतो, त्याच नावाने दुसऱ्या पक्षाच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि दोघांपैकी एकानेही मूळ कागद पाहिलेला नसतो. माझे म्हणणे असे की, नावाच्या आधी आकड्याची वंशावळ विचारावी: मोजले कोणी, कोठे, कशाने आणि किती काळ, मोजणारापासून आपल्यापर्यंत तो किती हातांतून आला, आणि चूक उघडकीस आली तेव्हा ती दफ्तरी दाखल झाली की दडपली गेली. ही विचारपूस करण्यास पदार्थविज्ञानाची पदवी लागत नाही. जमीन घेताना सातबाऱ्यावर भिस्त न ठेवता फेरफाराच्या नोंदी एकेक करून मागे तपासत जाणारा आपला शेतकरी हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे.

प्रथम मोजणीची गोष्ट घेऊ. मुंबईची कुलाबा वेधशाळा कंपनी सरकारच्या अमदानीत १८२६ साली स्थापन झाली आणि १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवण्यात येऊ लागल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत घोड्यांच्या ट्रामगाड्या जाऊन विजेच्या येणार असे ठरले, तेव्हा त्या विजेच्या प्रवाहाने चुंबकमापक यंत्रे बहकतील हे वेधशाळेच्या चालकांनी आधीच ओळखले. आणि त्या काळी संचालकपदी असलेले पहिले भारतीय, नानाभाई मूस, यांनी समुद्रापलीकडे अलिबागेस नवी वेधशाळा उभारली. येथपर्यंत कोणताही शहाणा अधिकारी पोचला असता. मूस यांचे वैशिष्ट्य पुढे आहे. अलिबागची वेधशाळा १९०४ साली सुरू झाली, तरी त्यांनी कुलाब्याची बंद केली नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडील यंत्रे एकाच वेळी चालू ठेवून दोहोंतला फरक किती आणि कसा हे त्यांनी पडताळून घेतले, आणि जुन्या साठ वर्षांच्या नोंदी नव्या नोंदींशी अशा जोडून दिल्या की, आज कोणीही तो सांधा कोठे आहे हे पाहून त्याची मजबुती तपासू शकतो.

हा दाखला येथे देण्याचे प्रयोजन आहे. तापमानवाढीवर घेतला जाणारा एक ठळक आक्षेप असा की, शास्त्रज्ञ जुन्या नोंदींना दुरुस्त्या करतात, सबब त्या नोंदी बनावट आहेत. दुरुस्त्या होतात यात खोटे काहीच नाही. शंभर-दीडशे वर्षांत वेधशाळेची जागा बदलते, आसपासच्या शेतांवर इमारती उठतात, नोंद घेण्याची वेळ बदलते, उपकरण बदलते. या सर्वांचा हिशेब न करता जुना आणि नवा आकडा शेजारी मांडणे हीच खरी लबाडी झाली असती. विचारावयाचे ते हे की, दुरुस्ती मूस यांच्याप्रमाणे उघड्यावर झाली आहे काय, मूळ आकडा जतन केला आहे काय, आणि फरकाचे कारण लिहून ठेवले आहे काय. जगाच्या सरासरीपुरते बोलायचे तर या दुरुस्त्यांचा एकंदर परिणाम एकोणिसाव्या शतकापासूनची तापमानवाढ किंचित कमी दाखवण्याकडेच झाला आहे. कारण पूर्वी जहाजावरून समुद्राचे पाणी बादलीने वर ओढीत, ते तापमापक बुडवेपर्यंत वाऱ्याने निवत असे, आणि त्यामुळे जुने समुद्र कागदावर होते त्याहून थंड भासत. आक्षेप घेणाऱ्यांच्या लिखाणात ही बादली सहसा आढळत नाही.

उलट बाजूची बेफिकिरीही तितकीच जुनी आहे. ३० मे २०२४ रोजी नागपूरच्या रामदासपेठेत, कृषी विद्यापीठाच्या शेतावरील स्वयंचलित केंद्राने ५६ अंश सेल्सियस तापमान दाखवले, आणि सायंकाळपर्यंत नागपूर पृथ्वीच्या पाठीवरील सर्वांत तप्त नगरांत जाऊन बसले. वस्तुतः त्याच दिवशी त्याच परिसरातील इतर काही केंद्रांवर पारा ४४ च्या घरात होता. आदल्याच दिवशी दिल्लीजवळ मुंगेशपूर येथे ५२.९ अंशांची नोंद झाली होती. दोन्ही ठिकाणी हवामान खात्याने आपल्याच यंत्रावर संशय घेतला, तपासणी केली, आणि मुंगेशपूरचे संवेदक प्रमाणित उपकरणापेक्षा सुमारे तीन अंश अधिक दाखवीत होते असे जाहीर केले. तापमानवाढीचा डांगोरा पिटण्यासच जर हे खाते बसले असते, तर असा आयता आकडा त्याने हातचा का घालवला असता? ज्या दफ्तरात स्वतःच्या विरुद्ध नोंद सापडते, त्या दफ्तराच्या उरलेल्या नोंदींवर माझा विश्वास वाढतो, घटत नाही.

आमच्या या टापूत हा प्रश्न दर उन्हाळ्यात दाराशी येतो. मुंबईचे तापमान म्हणून जे छापून येते ते कुलाबा व सांताक्रूझ येथील वेधशाळांचे, म्हणजे खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यातले; अंबरनाथ-बदलापूर समुद्रापासून आत, डोंगरांच्या कुशीत, जेथे समुद्रावरून येणारे वारे उशिरा आणि दमलेले पोचतात, तेथील उकाड्याचा त्यांत पत्ता नसतो. ही उणीव बदलापुरातील एका हौशी हवामान निरीक्षकाच्या खाजगी केंद्राने पुष्कळ अंशी भरून काढली असून वृत्तपत्रेही त्याचे आकडे छापतात. खाजगी म्हणून ते त्याज्य मानणे हा केवळ सरकारी शिक्क्याचा अहंकार होईल, आणि आपल्या गावचे म्हणून डोळे मिटून घेणे हा गावाभिमान. पाहावयाचे ते इतकेच की, तापमापक कोठे ठेवला आहे. वेधशाळेतील तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, शक्यतो गवताच्या मोकळ्या जागी असतो. पेटीचे दार उत्तरेस उघडते, म्हणजे नोंद घेताना ऊन आत शिरत नाही, आणि झडपांतून वारा खेळता राहतो. हाच तापमापक गच्चीच्या कठड्यावर टांगला, तर तो हवेऐवजी तापलेल्या सिमेंटची जबानी देतो. उन्हाळ्यात मोबाइलवर फिरणाऱ्या तापमानाच्या छायाचित्रांत मोटारीच्या काचेमागचा आकडा किती वेळा असतो हे वाचकांनी स्वतःच ध्यानात घ्यावे.

पावसाची तऱ्हा तर याहून विचित्र. २६ जुलै २००५ च्या त्या भयंकर दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्यास सुमारे ७३. एकाच शहराच्या दोन वेधशाळा, दोन्ही सरकारी, दोन्ही निर्दोष, आणि दोघींच्या साक्षीत जवळजवळ तेरापटींचे अंतर! त्या दिवशी 'मुंबईत किती पाऊस झाला' या प्रश्नाला एका आकड्याचे उत्तरच नव्हते. खात्याचे चोवीस तास सकाळी साडेआठपासून साडेआठपर्यंत धरतात, हेही पुष्कळांना ठाऊक नसते; म्हणून मध्यरात्रीपासून मोजणारा आणि साडेआठपासून मोजणारा एकमेकांस खोटे ठरवीत बसतात. विश्वासार्हतेच्या कित्येक भांडणांत दोन्ही साक्षीदार प्रामाणिक असतात आणि त्यांना विचारलेले प्रश्न मात्र वेगवेगळे असतात.

आता ज्या प्रकरणाचा दाखला दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने देतात, त्याचा तपशील सांगणे अवश्य आहे. हवामानबदलाविषयीच्या आंतरशासकीय मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, २००७ सालच्या आपल्या चौथ्या अहवालात असे विधान केले की, हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत, किंवा त्याही आधी, नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे. त्याच वर्षी या मंडळास नोबेल शांतता पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. याहून वजनदार साक्षीदार शोधून सापडला नसता. नोव्हेंबर २००९ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ व्ही. के. रैना यांनी लिहिलेला एक चर्चानिबंध तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी प्रसिद्ध केला, आणि त्यात या भाकिताला छेद देणारी माहिती होती. मंडळाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी हे जादूटोण्याचे विज्ञान आहे अशा आशयाचे उद्गार काढून तो निबंध उडवून लावला. अडीच महिन्यांच्या आत, २० जानेवारी २०१० रोजी, मंडळास आपले विधान सदोष असल्याचे जाहीर करावे लागले.

या आकड्याची वंशावळ मागे चालत गेले तर काय आढळते? अहवालाने तो घेतला जागतिक वन्यजीव निधीच्या २००५ सालच्या एका वृत्तांतातून; त्या वृत्तांताने घेतला १९९९ सालच्या एका विज्ञान नियतकालिकातील बातमीतून; आणि ती बातमी उभी होती एका भारतीय हिमनदीतज्ज्ञाशी झालेल्या संभाषणावर. बर्फात खोवलेली एकही काठी, मोजलेला एकही उतार या साखळीच्या टोकाशी नव्हता. एका रशियन शास्त्रज्ञाने १९९६ साली २३५० हे वर्ष वर्तवले होते, त्याचेच अंक उलटून २०३५ झाले असावे असाही एक तर्क आहे. तो खरा असेल तर अंबरनाथच्या शिळेवरील सात आणि नऊ यांच्या घोटाळ्याला जोड मिळाली म्हणायची. मंडळाच्या स्वतःच्या नियमांनुसार अशा असमीक्षित साहित्याची छाननी व्हावयास हवी होती. ती झाली नाही, आणि अध्यक्षांनी आक्षेपकाची थट्टा केली, हा दुसरा प्रमाद पहिल्याहून मोठा.

परंतु कथा येथे थांबवणारा मनुष्य अर्धीच कथा सांगतो. ही चूक हुडकून तिचे मूळ शोधणारे लोक हिमनद्यांचेच अभ्यासक होते; कॅनडातील ग्रॅहम कॉग्ली यांनी तो आकडा कोणत्या वाटेने आला ते कागदोपत्री दाखवले, आणि त्यांपैकी कोणीही हिमनद्या वितळत नाहीत असे म्हणत नव्हते. रैना यांचा निबंधही समीक्षेच्या चाळणीतून गेलेला नव्हता. हिमनद्यांची पीछेहाट तापमानवाढीमुळे होते असे अद्याप म्हणता येत नाही, हा त्याचा निष्कर्ष पुढील संशोधनापुढे टिकला नाही. काठमांडूच्या पर्वतविकास केंद्राने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिंदुकुश-हिमालयाच्या मूल्यमापनात, जगाची तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी या प्रदेशातील एकतृतीयांश हिमनद्या शतकाअखेरीस नष्ट होतील असा अंदाज आहे. थोडक्यात, २०३५ खोटे होते आणि वितळणे खरे होते. आणि ज्याला या दोन वाक्यांपैकी एकच ठाऊक आहे त्याच्याशी वाद घालण्यात हशील नाही.

शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, तेव्हा आपण थांबून पाहावे, असाही एक युक्तिवाद मोठ्या समंजसपणाच्या आविर्भावात केला जातो. मतभेद आहेतच, आणि त्यांतला एक तर आपल्या पुणे-पवई मार्गावरचा आहे. बी. एन. गोस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मध्य भारताचा पट्टा एकत्र धरून १९५१ ते २००० या काळातील नोंदी तपासल्या, आणि एकूण पाऊस फारसा न बदलता अतिवृष्टीच्या घटना वाढल्याचे दाखवले. २०१२ मध्ये पवईच्या आयआयटीतील सुबिमल घोष व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक ठिकाण सुटे करून पाहिले आणि सर्वत्र सारखी वाढ दिसत नाही, वाढली आहे ती ठिकाणाठिकाणांतील तफावत, असा निष्कर्ष काढला. पुढे २०१७ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेश व्यापणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे मांडले. या वादातील पक्ष हवामान खात्याच्याच नोंदींवर उभे आहेत. आपण कोणती पद्धत वापरली, ती कोठे लंगडी पडते, हे प्रत्येकाने लिहून ठेवले आहे. आणि पृथ्वी तापते आहे की नाही, हा त्यांच्या वादाचा विषयच नाही. दूरचित्रवाणीवर एका खुर्चीवर शास्त्रज्ञ आणि दुसऱ्या खुर्चीवर त्याला नाकारणारा कोणी वक्ता बसवून जो देखावा उभा करतात, त्याचे या मतभेदाशी नावापुरतेही नाते नाही. भू-विज्ञान मंत्रालयाच्या २०२० सालच्या मूल्यमापनात १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढल्याचे नमूद आहे, आणि त्या नमुदीवर पुणे आणि पवई यांत भांडण नाही.

पैसा कोणाचा, हा प्रश्न विचारणे रास्त आहे. पण तो विचारून थांबणे रास्त नाही. अमेरिकेतील एक्सॉन या तेलकंपनीच्या पदरी असलेल्या शास्त्रज्ञांनी १९७७ ते २००३ या काळात केलेली तापमानवाढीची अनुमाने पुढे फार अचूक ठरली, असे २०२३ साली एका अभ्यासात दाखवण्यात आले. कंपनी जाहीररीत्या मात्र या शास्त्राविषयी संशय पेरीत राहिली. येथे एकाच दारातून दोन साक्षी बाहेर पडल्या, आणि खरी साक्ष कपाटात राहिली. याच्या नेमके उलट रिचर्ड म्यूलर यांचे. तापमानाच्या नोंदींवर अविश्वास असलेल्या या भौतिकशास्त्रज्ञाने बर्कली येथे सर्व हिशेब नव्याने केला. त्याला मिळालेल्या पैशांत तेलव्यवसायातील कोख घराण्याच्या प्रतिष्ठानाचाही वाटा होता. आणि निष्कर्ष निघाला तो असा की, जुन्या नोंदी बरोबर आहेत व अडीचशे वर्षांत भूपृष्ठ सुमारे दीड अंशाने तापले आहे. हितसंबंध हे अधिक कसून उलटतपासणी करण्याचे कारण आहे, निकालपत्र नव्हे. हा नियम तेलवाल्यांना लावावा तसाच अनुदानावर चालणाऱ्या पर्यावरणसंस्थांनाही लावावा, आणि तसा तो लावला म्हणून कोणी आपल्याला तेलवाल्यांचे हस्तक ठरवू नये.

'२०५० पर्यंत मुंबई बुडणार' ही बातमी २०१९ च्या ऑक्टोबरअखेर सर्वांनी वाचली असेल. तिच्या मुळाशी क्लायमेट सेंट्रल या संस्थेच्या दोन संशोधकांचा एक गंभीर निबंध होता. उपग्रहावरून घेतलेली किनाऱ्यांची उंची घरांची छपरे आणि झाडांचे शेंडे यांच्यामुळे फुगते, ती त्यांनी नव्या रीतीने सुधारली, आणि वर्षातून सरासरी एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीखाली किती जमीन आहे ते मांडले. किनाऱ्यावरील भिंती व बांध त्यांनी हिशेबात धरले नव्हते, आणि तसे त्यांनी लिहिलेही होते. निबंधातील 'पुराच्या पातळीखाली' बातमीत येईपर्यंत 'पाण्याखाली' झाले. या घाबरवणाऱ्या मथळ्याला उत्तर म्हणून दुसरा पक्ष अपोलो बंदराचा भरतीमापक पुढे करतो, जेथे १८७८ पासूनच्या नोंदी आहेत आणि सरासरी वाढ वर्षाला एक मिलिमीटरहून कमीच दिसते. तीही नोंद खरी. परंतु ती भूतकाळाच्या दीर्घ सरासरीची आहे. जगातील समुद्र १९०१ ते २०१८ या काळात सरासरी वर्षाला १.७ मिलिमीटर चढला आणि २००६ ते २०१८ या अखेरच्या टप्प्यात ३.७, या वेगवाढीचे उत्तर दीर्घ सरासरीत मिळत नाही.

उद्याच्या हवामानाचा अंदाज आणि शतकाच्या तापमानाचे अनुमान यांतील गल्लतही बहुधा अशीच होते. २०१७ च्या जुलैत बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील शेतकऱ्यांनी पावसाचा अंदाज चुकल्याबद्दल थेट हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली, बियाण्यांच्या कंपन्यांशी संगनमत असल्याचा आरोपही केला. पेरणी वाया गेलेल्या माणसाचा तो संताप समजण्यासारखा होता. मात्र तेवढ्यावरून 'उद्याचा पाऊस सांगता येत नाही, ते शंभर वर्षांनंतरचे काय सांगणार' असे म्हणणे बरोबर नाही. उद्याचा पाऊस आजच्या वाऱ्यांच्या बारीकसारीक हालचालींवर ठरतो. शतकाचे तापमान पृथ्वीवर किती उष्णता येते आणि किती बाहेर जाते यावर. येत्या वैशाखातील अमुक तिथीस पारा किती चढेल हे कोणालाही सांगता येत नाही, पण वैशाख पौषाहून तापणार हे सांगण्यास वेधशाळेची गरज पडत नाही.

राहता राहिले आपल्या पायाखालचे पाणी. २७ जुलै २०१९ च्या पहाटे बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, आणि सुमारे हजारभर प्रवाशांची सुटका करण्यास राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलासह नौदलही आले. अशा प्रत्येक पुरात या भागात पहिली आवई उठते ती बारवी धरणाचे दरवाजे उघडल्याची. आवईची परीक्षा येथे नकाशाच करतो: बारवी नदी उल्हासला मिळते ती बदलापूरच्या खालच्या अंगास, आणि गाडी अडकली होती वरच्या अंगास, जेथे ते पाणी पोचणे अशक्य. त्याच पावसाळ्यात सांगली-कोल्हापूर बुडाले तेव्हा कृष्णेवरील अलमट्टी धरणाकडे बोट दाखवण्यात आले. पुढे नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० मध्ये अलमट्टीला दोषमुक्त केले, तरी कृष्णाकाठच्या सर्वांचे समाधान झालेले नाही आणि ते आपली आकडेमोड घेऊन अजून उभे आहेत, हेही योग्यच. धरणाच्या आवईहून मला दुसऱ्या एका स्पष्टीकरणाची भीती अधिक वाटते, आणि ते म्हणजे हवामानबदलच. नदीच्या पात्रात भरणी झाली, ओढ्यांवर चाळी चढल्या, वालधुनीचा नाला झाला. आणि या सर्वांकडे पाठ फिरवून बसलेला अधिकारी वा पुढारी पूर ओसरल्यावर जागतिक तापमानवाढीचा दाखला देऊ लागला, तर त्याचे विधान शास्त्रीयदृष्ट्या खरे असूनही साक्षीदार म्हणून त्याला उभे करू नये. अतिवृष्टी वाढली यास पुरावा आहे. पण अमुक घरात पाणी का शिरले, याचा निवाडा त्या घराच्या आसपासची जमीन पाहिल्याखेरीज होत नाही.

या टापूत घर घेणाऱ्या माणसाला अखेर ज्या कागदाशी गाठ पडते तो पूररेषेचा नकाशा. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो: पंचवीस वर्षांतून एकदा येण्याजोग्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येण्याजोग्या पुराची लाल. बदलापुरात या रेषांवरून तंटा चालत आलेला आहे, आणि त्यात रेषा फार आत आली असे म्हणणारे व ती पुरेशी आत नाही असे म्हणणारे, दोघेही तावातावाने बोलतात. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे एकदा येऊन गेला की नातवंडांपर्यंत निश्चिंती, असा अर्थ विक्रेता सांगतो. खरा अर्थ दर वर्षी शंभरात एक शक्यता, आणि तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तो पूर निदान एकदा येण्याची शक्यता शंभरात सुमारे सव्वीस. बदलापूरने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर पाहिले, म्हणून रेषा खोटी असे लगेच म्हणता येत नाही, कारण त्यांपैकी कोणता पूर कोणत्या रेषेपर्यंत पोचला हे वेगळे तपासावे लागेल. परंतु त्या रेषेचीही वंशावळ आहे. ती मागील वर्षांच्या पावसावरून व नदीच्या विसर्गावरून काढतात. आणि पुण्याच्या शास्त्रज्ञांचे म्हणणे खरे असेल, तर मागील वर्षांचा पाऊस पुढील वर्षांच्या पावसाचा पुरेसा जामीन राहिलेला नाही. तेव्हा रेषा खरी की खोटी हे विचारण्याआधी, ती कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतच्या नोंदींवर आखली, त्या नोंदी कोणत्या ठिकाणच्या, आणि २००५ चा पूर त्यात धरला आहे काय, एवढे तीन प्रश्न कागदावर लिहून कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या नगररचना विभागात किंवा जलसंपदा विभागात माहितीच्या अधिकाराखाली द्यावेत. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे.